हाड मोडायची वाट का पाहायची?

मा. संपादक,

ऑक्टोबर आला की स्तनाच्या कर्करोगावर गोव्यात भरपूर बोलले जाते. ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ मोहिमेमुळे बायका तपासणीला पुढे येऊ लागल्या, हे चांगलेच झाले. पण उपचार होऊन वर्षे लोटल्यावर मांडी दुखू लागली तर काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड यांचा कर्करोग हाडांत उतरू शकतो. हातापायांत मांडीचे हाड सर्वांत जास्त सापडते, मग दंडाचे. घरचे वात समजून तेल चोळत बसतात. पोखरलेले हाड एके दिवशी न्हाणीत पाय घसरून, कधी नुसती कूस बदलतानाही मोडते. पाय टेकताच कळ येत असेल तर एक्स-रे काढावाच, आणि तोही खुब्यापासून गुडघ्यापर्यंत. मी निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ आहे. गुडघ्याच्या फिल्ममध्ये खुब्यातला डाग, म्हणजे हाड पोखरल्याची खूण, दिसत नाही.

हाड मोडेल का, याचा अंदाज घेता येतो. अस्थिशल्यविशारद मायरेल्स यांनी 1989 मध्ये दिलेली 12 गुणांची पद्धत जागा, वेदना, डागाचा प्रकार आणि हाडाची किती रुंदी खाल्ली, हे पाहते. 9 किंवा अधिक गुण झाले तर मोडण्याआधीच आधार द्यावा, असे ती सांगते. हाडात रॉड घालतात, पोकळी सिमेंटने भरतात. सांध्याजवळचा भाग गेला असेल तर कृत्रिम सांधा. नंतर रेडिएशन. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गाठ फार रक्ताळ असते, म्हणून आधी तिच्या रक्तवाहिन्या बंद करतात. आणि डाग एकटाच असेल तर बायोप्सीशिवाय, म्हणजे त्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, रॉड नको: तो हाडाचाच मूळ कर्करोग निघाला तर रॉडबरोबर हाडभर पसरेल.

“आता कशाला कापाकापी?” असे नातेवाईक विचारतात. आयुष्य थोडेच उरले असेल तर तेही बरोबर. दुखणे कमी करायला रेडिएशनचा एक डोसही पुष्कळदा पुरतो. पण ज्याच्यापुढे काही महिने, वर्षे आहेत, त्याने स्वतःच्या पायांनी संडासला जायचे की अंथरुणावर पडून राहायचे, हा प्रश्न आहे. मोडल्यावरची शस्त्रक्रिया जास्त अवघड आणि हाल वेगळेच.

आरोग्य खात्याने कर्करोगाच्या रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ छापावी: हातपाय दुखू लागल्यास चोळू नका, अस्थिरोग विभागात दाखवा. मराठी आणि कोंकणी, दोन्ही भाषांत.

एक वाचक, डिचोली