ग्लॅडिएटरच्या जागी आइसबर्ग

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मुद्द्याचं आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पुढच्या अंगणातला ग्लॅडिएटर गुलाबांचा ताटवा आता काढायचा, असं मी ठरवलं आहे. दादाशी बोलले, माळीदादांना इसार दिला, विटा सोमवारी येतील. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असतात, आणि त्या ‘बघू’त ऑक्टोबर निघून गेला असता. आपल्याकडे गुलाब लावायला पाऊस ओसरल्यानंतरचा हा महिना-दीड महिनाच सगळ्यात चांगला, म्हणून घाई केली.

सगळी झाडं जाणार नाहीत. नळाजवळचं ग्लॅडिएटर तसंच राहील. बाकीची उचलून दुसरीकडे लावता येतील का, हे मी नीट विचारून घेतलं. इतक्या जुन्या खोडाची मुळं तुटली की झाड सहसा पुन्हा धरत नाही. त्यापेक्षा थंडीत नळाजवळच्या झाडाचे डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, नव्या खुंटांवर (जंगली गुलाबाच्या मुळाच्या रोपांवर) भरून घेऊ. झाड नवं, फूल तेच. आणि मागच्या दाराचा आईचा गावठी गुलाब, जास्वंद, प्राजक्त यांना कुणी हातही लावणार नाही.

ग्लॅडिएटर काही वाईट नाही हो. पण तो वाढतो पाच-साडेपाच फूट, काटे जाडजूड, प्रत्येक दांड्याला एक फूल, आणि तण काढायचं तर त्या काट्यांच्या खाली जमिनीशी वाकायचं. श्रावणात जे झालं ते पुन्हा नको. गुडघ्याच्या डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली आहे आणि तुम्ही बसता, हे आईने सांगितलं नाही तरी मला कळतं. नाशिकसारख्या जुन्या गुलशनाबादेत राहायचं आणि दारात गुलाब नाही, हे तुम्हाला चालायचं नाही. म्हणून गुलाब राहतील, फक्त ते तुमच्या हाताच्या उंचीवर येतील.

लावायचा तो आइसबर्ग. जर्मनीतल्या कॉर्डेस यांनी 1958 साली काढलेला हा पांढरा फ्लोरिबंडा, म्हणजे घोसाने फुलणारा गुलाब. जागतिक गुलाब महासंघाने 1983 मध्ये त्याला मानाच्या यादीत घेतलं. दिल्लीच्या पुसा कृषी संस्थेची पांढरी हिमांगिनीही मनात होती, पण आइसबर्गला काटे अगदी विरळ असतात, आणि साखर असलेल्या माणसाच्या हातांसाठी मला तेच महत्त्वाचं वाटलं. मोकळा सोडला तर हाही चार फुटांवर जातो, पण छाटणीत अडीच-तीन फुटांवर छान झुडपासारखा राहतो. फुलं घोसाने येतात, त्यामुळे एकेक कळी खुडत बसायला नको. शिवाय संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसता तेव्हा लाल फूल सगळ्यात आधी काळवंडतं, पांढरं मात्र उजेड गेल्यावरही दिसत राहतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही जे म्हणाला होतात, ते लक्षात ठेवून हा रंग निवडला आहे. सुवास बेताचाच आहे, हे आधीच सांगते. सुवासाला आईचा गावठी आहेच.

वाफा आतून बारा फूट लांब, चार फूट रुंद आणि दीड फूट उंच. दोन्ही बाजूंनी मधल्या झाडापर्यंत हात पोचावा म्हणून रुंदी चारच्या पुढे नेली नाही. भिंत नऊ इंची, वर गुळगुळीत शहाबादी फरशी, म्हणजे त्यावर बसूनच काम करायचं. कंपाउंडपासून दोन फूट जागा सोडा, दुपारी तापलेल्या भिंतीची झळ पाकळ्यांना लागते. तळाशी दर तीन फुटांवर पाणी निघायला भोक हवं. गवंडी ते विसरतात, बाबा, तुम्ही उभे राहून करून घ्या. (खुर्चीवर बसून!)

भरायला पाऊण ब्रासच्या आत माल लागेल. तळाला चार इंच विटांचे तुकडे. वर निम्मी पोयट्याची माती, पाव भाग जुनं शेणखत, पाव भाग जाड वाळू. अंगणातली काळी माती त्यात घालायची नाही. ती पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात, आणि तिच्यातल्या चुन्यामुळे झाडाला लोह मिळत नाही. जुन्या ताटव्यात पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसायचं, ते त्याचंच. इथेही तसं दिसलं तर चिलेटेड लोह लिटरला एक ग्रॅम, पानांवर फवारायचं. शेणखत हातात घेतल्यावर मातीसारखं भुरभुरलं पाहिजे. ओलं, वास मारणारं आलं तर परत पाठवा, त्यातून मुळं खाणारी हुमणी अळी येते. आई, हाडांचा चुरा येणार नाही, निश्चिंत राहा. आपल्या चुनखडीच्या मातीत तो विरघळतही नाही. त्याऐवजी झाडामागे पन्नास ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि शंभर ग्रॅम निंबोळी पेंड. भरून झालं की पंधरा दिवस पाणी देऊन वाफा बसू द्यायचा, मग उरलेली माती टाकायची. लगेच लावलं तर माती खचते आणि झाडं तिरकी होतात.

झाडं अकरा. एका ओळीत सहा, दुसऱ्या ओळीत त्यांच्या मधल्या जागी पाच, दोन झाडांत दोन फूट. सुरुवातीला वाफा रिकामा वाटेल. माळीदादा म्हणतील दीड फुटावर लावू, चार झाडं जास्त बसतील. ऐकू नका. हवा खेळली नाही की पावसाळ्यात काळे ठिपके पडून सगळी पानं गळतात. लावताना डोळा भरलेला जोड मातीच्या दोन इंच वर राहिला पाहिजे. जोडाच्या खालून जी फूट येईल ती खुंटाची. ती कापायची नाही, बुडाशी धरून ओढून काढायची, कापली तर दुप्पट जोराने येते. सात पानांची म्हणजे जंगली, या हिशेबावर मात्र जाऊ नका, आइसबर्गलाही कधी कधी सात पानं येतात. जोडाच्या वर की खाली, एवढंच बघायचं.

पाण्यासाठी ठिबक आणि टायमर बसवून घेते आहे, बादल्या उचलायच्या नाहीत. थंडीत दिवसाआड, उन्हाळ्यात रोज, झाडामागे चारेक लिटर, आणि पहाटे. बाबा, संध्याकाळी पाइपने पानं धुवायची तुमची सवय या झाडांपुरती तरी सोडा ना. काळ्या ठिपक्यांची बुरशी पान सातेक तास ओलं राहिलं की आत शिरते, आणि रात्रभर ओलं पान तिला आयतं मिळतं. लहानपणी तो पाइप धरायला मला मिळायचा, माझे पाय भिजायचे आणि तुम्ही आईपासून ते लपवायचात. तेव्हा झाडांचं काय होत होतं याची आपल्याला फिकीर नव्हती. आता थोडी करायची.

या वर्षी छाटणी नाही. नोव्हेंबरअखेरपर्यंत येईल ती कळी खुडायची, जीव कितीही तुटला तरी. त्या ताकदीवर मुळं धरतात आणि संक्रांतीच्या सुमारास अख्खा वाफा एकदम फुलतो. दादा तेव्हाच येतो आहे. लागवडीनंतर महिन्याने 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला तीन ग्रॅम, झाडाला एक लिटर, दर पंधरा दिवसांनी. घोसातलं मधलं फूल आधी उमलतं आणि आधी वाळतं, तेवढंच काढा. सगळा घोस संपला की खालच्या दुसऱ्या चांगल्या पानाच्या वर कापा. मोठी छाटणी पुढच्या ऑक्टोबरच्या मध्यावर, दीड फुटावर. बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप, आणि कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट. छाटल्यापासून साधारण पन्नास दिवसांत फुलं.

पांढऱ्या फुलावर सगळं दिसतं, त्याने घाबरून जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत कळ्यांवर फिकट गुलाबी झाक येईल, ती थंडीची, त्या जातीचा गुण आहे. पाकळीवर लहान गोल गुलाबी ठिपके दिसले तर मात्र ती दवाने आलेली बुरशी, असं फूल लगेच काढा. फेब्रुवारीनंतर पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊन कळी नीट उमलेनाशी झाली की फुलकिडे आलेत. फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर रेघा चालताना दिसतील. निळे चिकट सापळे लावायचे, जुनी फुलं झाडावर ठेवायची नाहीत, कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली साबणाच्या पाण्यात. थंडीत भुरी (पानांवरची पांढरी भुकटीसारखी बुरशी) आली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण तेलानंतर पंधरा दिवस जाऊ द्या आणि ऊन बत्तिसाच्या वर असेल तर नको, पानं करपतात. फवारणी माळीदादांनीच करायची. आई, सोमवारी शंकराला ही फुलं खुशाल वाहा, पण गुलकंदाला यांची एक पाकळी घ्यायची नाही.

बाबा, कोपरापर्यंतचे हातमोजे कुरिअरने येतील. ते घातल्याशिवाय वाफ्याला हात नाही. काटे विरळ असले तरी असतात, आणि तुमची जखम किती दिवस चिघळते ते गेल्या वर्षी आपण पाहिलं. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षं होऊन गेलीत, या आठवड्यात घेऊन या आणि आईला कार्ड दाखवा. कात्री तुमचीच वापरा, फक्त स्प्रिंग बदलून घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा.

लागवडीला मी येते आहे, दसऱ्यानंतरच्या शनिवारी. तोवर ग्लॅडिएटर काढताना तुम्ही बाहेर थांबू नका. वाईट वाटेल, मला इथे बसूनही वाटतंय. त्या सकाळी आत्याकडे जाऊन या दोघंही.

तुमची,
मनू

ता. क. आई, माळीदादांना चहा दे, पैसे देऊ नकोस. महिन्याचे मी पाठवते. आणि शेणखत आलं की मुठीत धरून एक फोटो पाठव, तो बघितल्याशिवाय गाडी रिकामी करू द्यायची नाही.