बुकर दोन, मानकरीही दोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बुकर पुरस्काराच्या इतिहासावरचा लेख आमच्या वाचनालयात आवडीने वाचला गेला. बुकर मॅककॉनेल कंपनीचा ब्रिटिश गयानातला साखरेचा धंदा, १९६९मध्ये पी. एच. न्यूबी यांना मिळालेला पहिला पुरस्कार, १९७२मध्ये त्या साखरेच्या पैशाचा निषेध म्हणून जॉन बर्जर यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर्सना देणे, हे सारे लेखकाने मन लावून मांडले आहे. पण शेवटच्या चौकटीत सलमान रश्दी, अरुंधती रॉय, किरण देसाई, अरविंद अडिगा यांच्याच रांगेत गीतांजली श्री आणि बानू मुश्ताक यांना बसवले आहे. डेझी रॉकवेल आणि दीपा भास्ती या त्यांच्या अनुवादिकांची नावे तर लेखात कुठेच नाहीत. ग्रंथपाल म्हणून हे मला फार खटकले, म्हणून हे पत्र.

पहिल्या चौघांना मिळाला तो मूळ इंग्रजी कादंबरीसाठीचा बुकर. आंतरराष्ट्रीय बुकर हा वेगळा पुरस्कार असून तो २००५मध्ये सुरू झाला. तेव्हा तो दर दोन वर्षांनी, लेखकाच्या एकूण कामगिरीसाठी दिला जाई. अल्बेनियाचे इस्माईल कादारे पहिले मानकरी. २०१३च्या अंतिम यादीत आपले यू. आर. अनंतमूर्तीही होते. त्या काळी लेखकाला ६०,००० पौंड मिळत आणि अनुवादकासाठी १५,००० पौंड वेगळे असत. २०१६पासून नियमच बदलले. आता हा पुरस्कार दरवर्षी एका पुस्तकाला मिळतो. ते इंग्रजीत अनुवादित झालेले आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेले असावे लागते. रक्कम ५०,००० पौंड, त्यातले निम्मे लेखकाचे आणि निम्मे अनुवादकाचे. अंतिम यादीपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक पुस्तकाचे ५,००० पौंडही असेच वाटले जातात. म्हणजे २०२२मध्ये गीतांजली श्री यांच्याबरोबर डेझी रॉकवेल आणि २०२५मध्ये बानू मुश्ताक यांच्याबरोबर दीपा भास्ती या बरोबरीच्या मानकरी आहेत. त्यांना वगळले की बातमी निम्मीच उरते.

‘हार्ट लॅम्प’चेच पाहा. हासनमध्ये वकिली केलेल्या, कन्नडमधल्या बंडाय (बंडखोर) साहित्य चळवळीतून पुढे आलेल्या बानू मुश्ताक यांनी तीसेक वर्षांत लिहिलेल्या कथांमधून या संग्रहासाठी बारा कथा निवडल्या त्या भास्ती यांनी. कोडगूच्या या अनुवादिकेने कन्नड, उर्दू, अरबी शब्द इंग्रजीत जसेच्या तसे ठेवले. ते तिरप्या ठशात छापले नाहीत की त्यांना तळटीपा जोडल्या नाहीत. परदेशी वाचकाने थोडे कष्ट घ्यावेत, हा आग्रह धरायला हिंमत लागते. हा पुरस्कार मिळवणारा हा पहिलाच कथासंग्रह, आणि तो छापला शेफिल्डच्या ‘अँड अदर स्टोरीज’ या छोट्या प्रकाशनाने. गीतांजली श्री यांचे ‘टूम ऑफ सँड’ काढणारे ‘टिल्टेड ॲक्सिस’ही छोटेच. त्याच्या संस्थापक डेबोरा स्मिथ स्वतः अनुवादिका आणि २०१६मध्ये हान कांग यांच्याबरोबरच्या मानकरी. हान कांग यांची कादंबरी कोरियनमध्ये २००७ला आली, इंग्रजीत २०१५ला. दुसऱ्याच वर्षी आंतरराष्ट्रीय बुकर आणि २०२४मध्ये लेखिकेला नोबेल!

आमच्याकडचे सभासद विचारतात, मराठीला बुकर कधी? त्याचे उत्तर या नियमांतच आहे. मराठी पुस्तक थेट त्या स्पर्धेत उतरू शकत नाही. आधी कुणीतरी ते इंग्रजीत न्यायला हवे, मग तिकडच्या प्रकाशकाने ते छापून पाठवायला हवे. कुठलीही हमी नसताना एका पुस्तकावर वर्षे घालवणारी माणसे आपल्याला हवी असतील, तर त्यांची नावे तरी लोकांना ठाऊक व्हायला हवीत. ओल्गा तोकारचुक यांच्यासह २०१८चा पुरस्कार मिळवलेल्या जेनिफर क्रॉफ्ट यांनी २०२१मध्ये जाहीरच केले, की मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव नसेल तर यापुढे अनुवाद करणार नाही. एवढा पुरस्कार मिळालेल्या व्यक्तीलाही हे सांगावे लागले.

आपल्याकडे काय आहे? आमच्या छापील दाखल नोंदवहीत दिनांक, लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, किंमत, शेरा असे रकाने आहेत. अनुवादकाला रकाना नाही. मी ते नाव ‘शेरा’मध्ये लिहिते. तिथेच ‘बांधणी सुटली’, ‘पान फाटले’ हेही लिहावे लागते. वाचक मात्र आमच्या वहीपेक्षा जाणते आहेत. उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेली कन्नड लेखक भैरप्पांची पुस्तके मागायला येणाऱ्या बायका सरळ म्हणतात, “उमा कुलकर्णींचं नवीन काही आलंय का?” नाव छापले गेले, वाचकाने ते ओळखले, त्यावर विश्वास ठेवला, आणि त्या नावामागून तो कारंत, तेजस्वी या कन्नड लेखकांपर्यंतही गेला. माझ्या डोळ्यांदेखत घडलेले हे आहे. याउलट काही मराठी अनुवादांवर आजही ते नाव आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याजवळ बारीक अक्षरात शोधावे लागते.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. आंतरराष्ट्रीय बुकरची बातमी देताना पुरस्काराचे पूर्ण नाव आणि दोन्ही मानकऱ्यांची नावे मथळ्याखालच्या पहिल्याच ओळीत द्यावीत. आणि पुरवणीतल्या ‘नवी पुस्तके’ या चौकटीत लेखक, प्रकाशक, पृष्ठे, मूल्य यांच्याबरोबर अनुवादकाचेही नाव छापावे. एका ओळीची जागा लागेल. आमच्या नोंदवहीत नव्या वर्षापासून तो रकाना मी हाताने आखणार आहे.

आपली,
एक ग्रंथपाल, मिरज (जि. सांगली)