काळी काच

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. दगड अतिनील किरणांत चमकतात का ते बघायला नवी यूव्ही (म्हणजे अतिनील) टॉर्च आणलीस, खोलीत अंधार केलास, सगळे दगड मांडलेस आणि दिसलं काय, तर जांभळं टेबल, जांभळे दगड आणि तुझा जांभळा हात! त्यावरून तू ठरवलंस की टॉर्चमध्ये दम नाही, आता याहून मोठी घ्यायची. अरे, थांब जरा. मोठी घेतलीस तर जांभळं आणखी वाढेल, दुसरं काही होणार नाही. तुझी टॉर्च कमी पडत नाहीये, नको तो उजेड जास्त देते आहे. तो अडवायला तिच्या तोंडावर एक फिल्टर बसव.

टॉर्चवर ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटर असं लिहिलेलं असतं ना, तो आकडा म्हणजे त्या एलईडीच्या उजेडाचं शिखर, ज्या तरंगलांबीला तो सगळ्यात जास्त असतो ती. उतार त्याच्या दोन्ही बाजूंना असतो. आपल्याला साधारण ४०० च्या पुढचं दिसू लागतं, त्यामुळे ३९५ च्या एलईडीचा बराचसा उतार थेट दिसणाऱ्या जांभळ्यात येऊन पडतो. ३६५ चं शिखर दूर असलं तरी तिचीही शेपूट पुढे सरकलेली असते आणि तिच्यासोबत एक फिकट, पांढुरकी झाक येते. एकूण ताकदीच्या मानाने हा दिसणारा उजेड किरकोळच. पण दगडाची चमक त्याहूनही किरकोळ असते आणि तिथेच सगळा घोटाळा होतो.

जॉर्ज स्टोक्स या भौतिकशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिलं की असे चमकणारे पदार्थ अदृश्य किरण शोषून घेतात आणि बदल्यात अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. प्रतिदीप्ती म्हणतात ती हीच. आपलं काम सोपं होतं तेही याच नियमामुळे. जाणारा प्रकाश ४०० च्या अलीकडचा आणि येणारा पलीकडचा, मग मध्ये भिंत घालता येते. टॉर्चच्या तोंडाशी अलीकडचंच सोडणारी काच लावली की टेबलावर जे काही उजळेल ते दगडाचं स्वतःचं.

अशी काच रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवली. काचेत निकेल ऑक्साइड घातलं, त्यामुळे ती दिसायला जवळजवळ काळी, पण ३६५ च्या आसपासचे किरण मात्र खुशाल जाऊ देणारी. पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग गुप्त संदेश पाठवायला झाला आणि पुढे त्वचारोगतज्ज्ञांच्या हातात ‘वुडचा दिवा’ आला, तोही तिच्यामुळेच. आज टॉर्चसाठी जी काच सर्रास मिळते तिचं नाव झेडडब्ल्यूबी२. होया कंपनीची यू-३६० आणि शॉट कंपनीची यूजी१ याच घरातल्या. काच हातात पडली की चुकून काळ्या रंगाची चकती पाठवली असं वाटेल. परत करू नकोस!

मात्र ती घेण्याआधी तुझ्या टॉर्चवरचा आकडा बघ. ३९५ असेल तर फिल्टरच्या भानगडीत पडूच नकोस, कारण ही काच त्या भागातलं बहुतेक सगळं गिळून टाकते आणि हाती अंधार उरतो. ३९५ ची टॉर्च विंचू शोधायला किंवा युरेनियम घातलेली जुनी हिरवट काच ओळखायला उत्तम. त्यांची हिरवी चमक इतकी जोरदार असते की जांभळ्यालाही पुरून उरते. माणकाची लाल चमकही तशी वाचते. मरते ती निळी आणि फिकी चमक. तुझ्याकडच्या फ्लोराइटचंच बघ. त्यातल्या युरोपियम नावाच्या धातूच्या अंशामुळे तो निळा-जांभळा उजळतो, म्हणजे नेमका टॉर्चच्या सांडलेल्या उजेडाच्याच रंगात. दगड उजळलाय की टॉर्चचाच उजेड परावर्तित होतोय, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्याच्यासाठी ३६५ आणि फिल्टर, दुसरा इलाज नाही.

आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नकोस. ३६५ लिहून भलतंच विकणारे पुष्कळ आहेत. आणि फिल्टर नीट काम करतोय का, हे पांढऱ्या कागदावर तपासू नकोस. कागदात शुभ्रपणासाठी घातलेली रसायनं स्वतःच निळी उजळतात, त्यामुळे तिथे काहीच कळत नाही. अॅल्युमिनियमची फॉइल घे. ती स्वतः उजळत नाही, जे येईल तेच परत पाठवते. फिल्टरशिवाय फॉइल लख्ख जांभळट-पांढरी दिसेल आणि फिल्टर लावल्यावर जेमतेम एखादी गडद झाक उरेल. तेवढी चालते.

वाचायला बसलास तर एक आक्षेप सापडेल की ही काच ७०० च्या आसपासचा गडद लाल प्रकाश गळू देते. खरं आहे. पण एलईडी त्या भागात जवळपास काही देतच नाही, तेव्हा गळायला आहे काय? फ्लॅशगन किंवा तापलेल्या तारेच्या दिव्यापुढे ती लावणाऱ्याने त्याची काळजी करावी. थर चढवलेले चकचकीत फिल्टर मात्र मला टॉर्चसाठी पसंत नाहीत. किरण तिरपे आले की या फिल्टरांची अडवण्याची हद्द सरकते आणि टॉर्चमधून तर किरण सगळीकडेच पसरतात. साधी रंगीत काच कोनाला फारशी जुमानत नाही.

बसवताना जुन्या काचेवर फिल्टर चढवू नकोस, शक्य असेल तर जुनी काढून तिच्या जागी लाव. प्रत्येक पृष्ठभाग चारेक टक्के प्रकाश परत फिरवतो आणि साध्या प्लास्टिकच्या भिंगात अतिनील आणखी अडकतं. काही टॉर्चमध्ये अंधारात चमकणारं हिरवट रबरी कडं असतं. ते फिल्टरच्या आत राहिलं तर हरकत नाही, बाहेरच्या बाजूला आलं तर तुझ्या अंधारात एक हिरवी बांगडी फिरत राहील. काचेला बोटं लावू नकोस. दमटपणाने या काचेवर हळूहळू पांढुरकी साय धरते, म्हणून काम झालं की कोरड्या डबीत ठेव.

आता जे सांगतोय ते मात्र कान देऊन ऐक. फिल्टर लावल्यावर टॉर्च मंद वाटेल, म्हणजे ती निरुपद्रवी झाली असं नाही. उलटं आहे. जांभळा उजेड डोळ्यांवर आला की आपण आपोआप डोळे मिटतो, बाहुली लहान होते. तो उजेडच काढून घेतलास की अंधारात बाहुली सताड उघडी, अदृश्य किरण तसेच्या तसे आत आणि तुला पत्ताही नाही. अतिनील किरण डोळ्याच्या भिंगात शोषले जातात, आणि वर्षानुवर्षं असं झालं तर मोतीबिंदूचा धोका वाढतो. झाडाखाली किंवा रस्त्यावर लोक असताना ही टॉर्च फिरवायची नाही, आणि चकचकीत पृष्ठभागावरून परत येणारा झोतही डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही. यूव्ही अडवणारा चष्मा फिल्टरच्या आधी घे. पारदर्शकच घे, पिवळा नको. पिवळ्या काचेने निळ्या चमकेचा रंगच बदलतो. चष्म्याचा आणखी एक फायदा असा की अतिनीलामुळे डोळ्याचं भिंगच थोडं उजळून समोर धुरकट पडदा येतो, तोही नाहीसा होतो.

फोटो काढायचे झाले तर कॅमेऱ्याच्या भिंगावरही यूव्ही अडवणारा फिल्टर लाव, म्हणजे परावर्तित अतिनील चित्रात शिरणार नाही. आपोआप रंगसंतुलन बंद ठेव, नाहीतर कॅमेरा आपल्या मनाने निळ्याला राखाडी करून टाकतो. आणि कॅमेरा स्टँडवर हवाच, कारण शटरची उघडझाप लांबणार.

मापाचं एवढं कळव: टॉर्चचं पुढचं कडं फिरवून निघतं का? निघत असेल तर आतल्या काचेचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून लिही. फिल्टर बहुधा मूळ काचेपेक्षा जाड असेल, तेव्हा कड्याचे आटे पुरतात की नाही ते त्यावरच ठरेल. कडं चिकटवलेलं निघालं तर तोंडावर चढवायची टोपी शोधू.

तुझा,
श्रीधर