मानेवरची पेनाची रेघ

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

आम्ही आभार मानायला आलो तेव्हा आपली निवासी डॉक्टर म्हणून मुदत संपली होती, म्हणून हे जाहीर पत्र.

गणेशोत्सवातल्या त्या रात्री बंद रस्त्यांना वळसे घालत आम्ही धायरीहून आपल्या वॉर्डात पोहोचलो, तेव्हा लेकीला १०३ ताप होता आणि जबड्याखालची एरवी लिंबाएवढी मऊ गाठ दोन दिवसांच्या सर्दीनंतर मोसंब्याएवढी, लालबुंद आणि हाताला कढत लागत होती. त्याच दुपारी एका ठिकाणी ‘गळू आहे, चिरून पू काढू’ असे सांगितले गेले होते. भूलतज्ज्ञ मिरवणुकीच्या गर्दीत अडकले, एवढ्यानेच ते टळले. संमतिपत्रावर माझी सही झालेली होती, हे लिहिताना आजही हात थबकतो.

आपण पहिलाच प्रश्न विचारला, “ही गाठ जन्मापासून आहे का?” तोवर हे कोणी विचारले नव्हते आणि आम्हालाही सांगायचे सुचले नव्हते. हे लिम्फॅटिक मालफॉर्मेशन आहे, म्हणजे गर्भातच लसिका (शरीरातला पाण्यासारखा द्रव) वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची जडणघडण बिघडून झालेला पाण्याच्या पिशव्यांचा घोस, हे आपण कागदावर द्राक्षांचा घड काढून समजावले. सर्दी-पडशात किंवा किडक्या दातातून जंतू तिथे शिरले की गाठ अशी फुगते. मात्र गळू समजून चिरल्यास लसिका दिवसेंदिवस झिरपत राहू शकते आणि जबड्याजवळून जाणारी चेहऱ्याची नस दुखावण्याचीही भीती असते, हेही आपण सांगितले. आत रक्तस्राव झाला तरी गाठ एकाएकी वाढते, म्हणून आपण रात्रीच सोनोग्राफी करवून घेतली आणि मगच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले.

त्यानंतर आपण बॉलपेनने लालीच्या कडेने तिच्या मानेवर रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली : १.४०. सूज श्वासनलिकेवर दाब आणते आहे का, हे पाहायला आपण दर तासाला येत होतात, तिचा श्वास कान देऊन ऐकत होतात, जीभ वर उचलली गेली आहे का ते बघत होतात. पहाटे लाली रेघेबाहेर बोटभर सरकली होती आणि माझे पाय लटपटले. पहिल्या काही तासांत असे होऊ शकते, असे म्हणून आपण शांतपणे दुसरी रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी लाली पहिल्या रेघेच्याही आत आली.

पुढे संसर्ग पुरता ओसरल्यावरच तिची स्क्लेरोथेरपी, म्हणजे गाठीत औषध टोचून ती आकसवण्याचा उपचार, झाली. गाठ आता सुपारीएवढी आहे. रात्री दात घासण्यावरून मात्र घरात रोज युद्ध होते.

डिस्चार्जच्या वेळी आपण ठळक अक्षरांत लिहून दिलेले ‘गळू समजून चिरू नये’ हे वाक्य आम्ही लॅमिनेट करून तिच्या दप्तरात ठेवले आहे. परवा शाळेतल्या बाईंनी ते काय आहे असे विचारल्यावर ती म्हणाली, “ते माझ्या रेघवाल्या डॉक्टरांचं आहे.”

आपला कृतज्ञ,
तिचा बाबा
धायरी, पुणे