मॅनेटींच्या गरम पाण्याचं काय करताय, गव्हर्नर साहेब?

मा. गव्हर्नर,
फ्लोरिडा राज्य, टॅलाहासी

साहेब, नमस्कार. मराठीत लिहितोय कारण ऑरलँडो-टँपाकडे आम्ही मराठी माणसं बरीच आहोत, हिवाळ्यात भारतातून आईबाबा आले की त्यांना ब्लू स्प्रिंगच्या झऱ्यावर मॅनेटी (पाण्यात राहणाऱ्या समुद्रगाई) बघायला नेतो आणि तिथे कोणीतरी म्हणतंच, एवढं थोराड जनावर, याला कसली आलीये थंडी!

तर याला थंडी बाधते, आणि जबरदस्त बाधते. अंग मोठं दिसतं पण चरबीचा थर पातळ, शरीरात उष्णताही कमीच तयार होते. पाणी २० डिग्रीच्या खाली गेलं आणि बरेच दिवस तसंच राहिलं की खाणं सुटतं, आतडी मंदावतात, कातडी पांढरी पडून जखमा होतात. आणि प्रतिकारशक्तीच बसते हो. थंडी बाधलेल्या मॅनेटींचं रक्त तपासलं तर संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशी नीट वाढतच नाहीत, मग न्यूमोनिया वगैरे गाठतो. म्हणजे थंडीची लाट जाते, टीव्हीवरची बातमी संपते आणि जनावर त्यानंतर मरतं. आईपासून नुकती सुटलेली पिल्लं तर पटकन जातात. २०१० मध्ये थंडीने २८० च्या वर मॅनेटी गेल्या.

२०२१ ला ११०० च्या आसपास मेल्या, त्यातल्या खूपशा इंडियन रिव्हर लगून या पूर्व किनाऱ्यावरच्या खाडीतलं, त्या खातात ते समुद्री गवत संपल्यामुळे उपाशी. सरकारने लेट्यूस टाकलं, चांगलं केलं, पण उपाशी जनावर थंडीशी लढणार कशाच्या जोरावर?

आता मुद्दा. निम्म्याहून जास्त मॅनेटी हिवाळ्यात पॉवर प्लांटमधून सोडलेल्या गरम पाण्याजवळ जमतात. जुने प्लांट आज ना उद्या बंद होणारच, तेव्हा त्या जाणार कुठे? ब्लू स्प्रिंगसारखे झरे वर्षभर २२ डिग्रीवर असतात, फुकटात, पण ओक्लावाहा नदीवरच्या १९६८ च्या धरणाने तसले वीसेक झरे पाण्याखाली गाडलेत. ज्या जहाजी कालव्यासाठी ते बांधलं त्याचं काम राष्ट्राध्यक्ष निक्सननी १९७१ मध्येच थांबवलं, धरण मात्र अजून तिथेच, कशासाठी ते देव जाणे (धरणाच्या तळ्यात बास मासे पकडणारे चिडतील, चिडू देत).

नंबरप्लेटवर मॅनेटी छापून पैसे घेता ना? मग ते धरण काढायला बजेटमध्ये पैसे ठेवा, आणि कुठला प्लांट कधी बंद होणार, त्याआधी तिथल्या मॅनेटींची सोय कुठे, हे तारखांसकट जाहीर करा.

आपला,
एक मराठी फ्लोरिडाकर