‘किती जातं?’ याचे उत्तर आकड्यांत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अंगावरून किती जातं?’ असे दवाखान्यात विचारले की बहुतेक जणी ‘नेहमीएवढंच’ म्हणतात. दहा वर्षे जास्तच जात असेल, तर तेच नेहमीचे वाटू लागते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या रोजच्या चौकोनात लिहा: पॅड किती बदलले, त्यातले पूर्ण भिजलेले किती. कपडा वापरत असाल तर घड्या मोजा. दोन-तीन महिन्यांची ही नोंद डॉक्टरांच्या फार कामी येते.

एका पाळीत ८० मिलीहून जास्त रक्त जाणे म्हणजे अतिरक्तस्राव. पण घरी मिली कोण मोजणार? रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालणे, तास-दोन तासांत पॅड भिजणे, त्यासाठी रात्री उठावे लागणे, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडणे, यातले एकही दर महिन्याला होत असेल तर तपासून घ्या. तासाला एक पॅड असे सलग दोन तास भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा गरोदरपणाची शंका असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नये. ते १२ च्या वर असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. सोबत थायरॉइड आणि सोनोग्राफी. मुलीला पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल आणि दात काढल्यावरही रक्त लवकर थांबले नसेल, तर रक्त गोठण्यातला दोष शोधायला हवा.

शेजारणीला लागू पडलेली रक्त थांबवायची गोळी परस्पर घेऊ नका. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चांगले औषध आहे, पण पायाच्या शिरेत कधी गुठळी झालेल्या बाईला ते धोक्याचे. साध्या तांबीने रक्तस्राव वाढतो, हार्मोनच्या तांबीने मात्र बराच कमी होतो, हेही अनेकींना कोणी सांगत नाही.

‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला शेवटचा असावा. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे २०१९मध्ये उघड झाले, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. असा सल्ला मिळाला तर तीन गोष्टी विचारा: सोनोग्राफीत नेमके काय दिसले, औषधे किती महिने देऊन पाहिली, आणि वय पंचेचाळीसच्या वर असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला का. कागद हाती घ्या आणि शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

– एक स्त्रीरोगतज्ज्ञ