'लूज'चं प्रकरण

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. 'हे काम आम्हाला गमवायचं नाही' असं ग्राहकाला लिहिताना 'लूज'मध्ये एक ओ जास्त पडला, म्हणून साहेबांनी तो मेल भर मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवावा? चूक जरूर सांगावी, पण चारचौघांत पाणउतारा कशाला?

ही चूक अकलेची नाही रे, कानाची आहे. इंग्रजीत गमावणं म्हणजे 'लूझ', शेवटचा झ 'झरा'तल्यासारखा, आणि सैल म्हणजे 'लूस'. आपण मात्र नट ढिला झाला तरी 'लूज' म्हणतो आणि मॅच हरलो तरी 'लूज'च. कानाला एकच शब्द ऐकू आला तर हात दोन स्पेलिंगं कशी वेगळी ठेवणार? त्यात दोन्ही शब्द खरे, त्यामुळे कॉम्प्युटरची लाल रेघही बहुतेक वेळा गप्प बसते. तेव्हा आधी दोन्ही मोठ्यानं म्हणून बघ.

'अ‍ॅडव्हाइस'चंही तेच. सल्ला हे नाम, तिथे उच्चार स आणि स्पेलिंगमध्ये सी. सल्ला देणे हे क्रियापद, तिथे उच्चार झ आणि स्पेलिंगमध्ये एस. ही जोडी डोक्यात पक्की बसली की 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स'ही सुटतात. त्यांचा उच्चार दोन्हीकडे सारखाच, पण नियम तोच: नामाला सी, क्रियापदाला एस. मात्र ही ब्रिटिश पद्धत. अमेरिकेत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे सीनं लिहितात आणि 'लायसन्स' दोन्हीकडे एसनं. ग्राहक कुठला आहे ते बघून लिहीत जा.

'स्टेशनरी'ची गोष्ट तर मला फार आवडते. वह्या-पेनांची ती ईवाली, जागच्या जागी उभी असलेली ती एवाली. पण दोघींचं मूळ एकच. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असायचे. एका जागी दुकान थाटून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. सख्ख्या बहिणींत गल्लत व्हायचीच!

'इट्स'बद्दल तू विचारलंस ते अगदी रास्त आहे. इंग्रजीत 'रामाचं' लिहिताना अपॉस्ट्रॉफी लागतो, मग 'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स'ला का नको? कारण 'हिज'सारखंच हे सर्वनाम आहे, त्याला ते चिन्ह लागत नाही. चिन्ह दिसलं की 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं वाचायचं. वाक्य जुळलं तर ठेव, नाही तर काढ. आणि 1787 साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, 'त्याचे' याच अर्थानं ते चिन्हासकट लिहिलेलं आहे. त्या काळी तसंही लिहीत असत. तुझ्या साहेबांना हे जरूर सांग.

पुढचा महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी मला दाखव, दोघं मिळून बघू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन

ता.क. 'उत्तर द्या' या अर्थी 'रिव्हर्ट' आपल्या ऑफिसांत खुशाल चालू दे. परदेशी ग्राहकाला मात्र 'रिप्लाय'च लिही. तिकडे 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणं, आणि तो बुचकळ्यात पडेल.